हिशेब द्यायला शिकताना

बारावी वाणिज्यच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात दोन वेगळी पुस्तके असतात. एक ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ आणि दुसरे ‘चिटणिसाची कार्यपद्धती’. मुले त्यांना बीके आणि एसपी म्हणतात. बीकेच्या तासाला आकडेमोड चालते. एसपीच्या तासाला सभा, नोटिसा, ठराव आणि भागांचे प्रकार पाठ होतात. शिक्षक निराळे, वह्या निराळ्या, पेपरही निराळे. त्यामुळे पदवी हातात पडेपर्यंत बहुतेकांच्या मनात या दोन विषयांची गाठच पडत नाही. मग नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वरिष्ठ सांगतात, “मशीनचं बिल आलंय, एंट्री टाका आणि मागे बोर्डाच्या ठरावाची प्रत लावा.” नवा मुलगा किंवा मुलगी तिथे अडते. ठराव चिटणिसाकडचा आणि नोंद हिशेबनिसाकडची, असे इतकी वर्षे शिकवलेले असते. प्रत्यक्षात व्यवहार एकच असतो.

हे पुस्तक त्या एका व्यवहाराकडे दोन्ही बाजूंनी पाहते. कंपनीत पैसा कसा फिरला हे जमाखर्चाच्या वहीत लिहिले जाते. तो फिरवायचा निर्णय कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने घेतला हे इतिवृत्तात लिहिले जाते. ‘पैशाचे काय केले?’ या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत, आणि हा प्रश्न विचारणारा माणूस लिहिण्याच्या वेळी बहुधा समोर नसतो. भांडवल घालणारा परगावी असतो. कर्ज देणारी बँक आपल्या शाखेत असते. लेखापरीक्षक वर्ष संपल्यावर येणार असतो आणि कर अधिकारी कदाचित त्याच्याही नंतर. सहा महिन्यांनी आपण स्वतःसुद्धा, आजचे सगळे विसरून, तीच वही उघडणार असतो. या सगळ्यांसाठी हिशेब लिहायचा असतो. पुस्तपालनातले आणि चिटणिसाच्या कामातले बहुतेक नियम या गरजेतून आले आहेत. विद्यार्थ्याला हे पहिल्या दिवशी उमगले, तर पुढचे निम्मे पाठांतर करावे लागत नाही.

आपल्या गल्लीतले गणेशोत्सव मंडळ घ्या. वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन येतो, रक्कम अंकी आणि अक्षरी लिहितो, पावती आपल्याला देतो आणि स्थळप्रत पुस्तकात ठेवतो. पावत्यांना छापील क्रमांक असतात, म्हणून एखादी पावती मधूनच फाडली तर ते लपत नाही. खजिनदाराकडे रोख आणि वही असते, चिटणिसाकडे सभेचे इतिवृत्त. मांडवाला किती खर्च करायचा हे सभेत ठरते, मांडववाल्याचे बिल त्या ठरावाच्या आधारे चुकते होते आणि उत्सवानंतर जमाखर्च फलकावर लागतो. स्थळप्रत, छापील क्रमांक, ठराव, बिल आणि फलक या पाच गोष्टी ज्याला नीट कळल्या, त्याला मोठ्या कंपनीची अंतर्गत तपासणी समजायला वेळ लागत नाही. तिथे आकडे मोठे असतात आणि कायदा कडक असतो. कामाची रीत हीच असते.

ही रीत जुनी आहे. लुका पाचोली या गणिती फ्रान्सिस्कन साधूने १४९४ साली वेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणितावरच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे प्रकरण घातले. पद्धत त्याने शोधली नव्हती, वेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्याने ती कोणालाही शिकता येईल अशी छापून ठेवली. आपल्याकडेही हिशेबाला कारभारात मानाचे स्थान होते. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत जमाखर्च पाहण्याचे काम अमात्यांकडे, म्हणजे मुजुमदारांकडे होते. पेशवाईत फडणिशी हे राज्यातले मोठे अधिकारपद झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी रुमाल उघडणाऱ्या संशोधकांना त्यांत लढायांच्या बातम्यांबरोबर रोजच्या जमाखर्चाचे कागदही हाती लागतात. अडीचशे वर्षांपूर्वी कुठे काय खर्च झाले हे आज सांगता येते, कारण ते तेव्हा कोणीतरी कोणालातरी हिशेब देण्यासाठी लिहिले होते.

पुस्तकाचा पहिला भाग द्विनोंदीचा आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एक खाते नावे होते, दुसरे जमा होते, आणि दोन्हीकडची रक्कम सारखी असते. व्यक्तीच्या खात्यात घेणारा नावे आणि देणारा जमा. मालमत्तेच्या खात्यात येणारी वस्तू नावे आणि जाणारी जमा. नामधारी खात्यात खर्च व तोटा नावे, उत्पन्न व नफा जमा. हे तीन नियम सगळे पाठ करतात, पण बँकेचे पासबुक पाहिले की गडबडतात. आपल्या वहीत बँकेतली शिल्लक नावे बाजूला असते आणि पासबुकात तीच रक्कम जमा म्हणून छापलेली असते. कोणाचे चुकले? कोणाचेच नाही. पासबुक हे बँकेच्या वहीतले आपले खाते आहे. आपण पैसे ठेवले म्हणजे बँक आपले देणे लागते, म्हणून तिच्या वहीत आपण जमा. प्रत्येक वही कोणाची आहे हे आधी विचारायची सवय लागली की नावे-जमाचा गोंधळ कायमचा सुटतो. बँक जुळवणी पत्रक हे प्रकरण म्हणूनच मी लवकर घेतले आहे. एकाच पैशाच्या दोन माणसांनी लिहिलेल्या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहणे, ही हिशेब तपासण्याची सर्वांत खात्रीची रीत आहे.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी, जुळली म्हणजे हिशेब बरोबर, हाही समज लवकर काढून टाकायला हवा. यंत्र विकत घेतले आणि ती रक्कम चुकून दुरुस्ती खर्चात टाकली, तरी दोन्ही बाजूंची बेरीज तंतोतंत जुळते. पण त्या वर्षीचा नफा कमी दिसतो आणि ताळेबंदात यंत्र दिसतच नाही. एखाद्या व्यवहाराची नोंदच राहिली, तरीही तेरीज जुळते. बेरीज जुळल्याने फक्त आकडे दोन्हीकडे सारखे गेले एवढे सिद्ध होते. ते योग्य खात्यात गेले की नाही, हे माणसाने विचार करून ठरवायचे असते. म्हणून या पुस्तकात प्रमाणकाला, म्हणजे व्हाउचरला, आणि त्यावरच्या तपशिलाच्या ओळीला बरीच जागा दिली आहे. ‘खर्चाबद्दल’ एवढे लिहिलेली ओळ कोणाच्याच उपयोगाची नाही. ‘मार्केट यार्डातून हळदीची ४० पोती कारखान्यात आणण्याचे टेम्पो भाडे, पावती जोडली आहे’ ही ओळ दहा जणांचे प्रश्न वाचवते.

दुसरा भाग कंपनी या कायदेशीर व्यक्तीचा आहे. लंडनचा जोड्यांचा व्यापारी ॲरन सॉलोमन याने १८९२ साली आपला चालता धंदा स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीला विकला. कंपनीच्या २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याच्याकडे होते आणि बायको व पाच मुलांकडे एकेक. धंदा बुडाला तेव्हा देणेकऱ्यांच्या वतीने म्हटले गेले की कंपनी म्हणजे सॉलोमनच, त्याने पदरचे पैसे भरावेत. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मानले नाही. कायद्याने नोंदलेली कंपनी ही तिच्या मालकांहून वेगळी व्यक्ती आहे, असा निकाल दिला. भारतातल्या कंपनी कायद्याचा पायाही हेच तत्त्व आहे. आपल्याकडे कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा १८५० साली आला आणि मर्यादित जबाबदारीची सोय १८५७ साली झाली. आज लागू असलेला कायदा २०१३ सालचा आहे.

या वेगळेपणामुळे मोठी कामे उभी राहू शकली. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग मुंबईत विक्रीला आले, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत हजारो भारतीयांनी मिळून सगळे भांडवल उभे केले. यांतल्या बहुतेकांनी, जिथे कारखाना उभा राहिला त्या साकचीची माळरानेही पाहिली नव्हती, व्यवस्थापकांना भेटण्याचा तर प्रश्नच नव्हता. कारखाना बुडाला असता तर भागाची रक्कम गेली असती, पण कोणाच्या घरादारावर जप्ती आली नसती. अशी सवलत मिळते तेव्हा तिची किंमतही द्यावी लागते. मालक पदरचे पैसे भरणार नसेल, तर देणेकऱ्याला भरवसा कशाचा? कंपनीच्या हिशेबाचा आणि तिच्या जाहीर कागदपत्रांचा. मर्यादित जबाबदारी आणि उघडे हिशेब हा एकच सौदा आहे. कंपनीच्या खात्यातून घरचा फ्रीज घेणारा संचालक हा सौदा मोडतो, मग कंपनीचे सगळे भाग त्याच्या एकट्याच्या नावावर असले तरीही.

या सगळ्या गोष्टी एकाच धाग्यात याव्यात म्हणून पुस्तकभर आपण एका कल्पित कंपनीबरोबर चालणार आहोत. सांगलीजवळ हळद दळून पाकिटात विकणारी ही दोन भागधारकांची खाजगी कंपनी आहे. पहिल्या वर्षाचे तिचे आकडे पाहा. समजायला सोपे जावे म्हणून कर तूर्त बाजूला ठेवू. भागभांडवल ५,००,००० रुपये, बँकेचे कर्ज ३,००,०००. दळणाचे यंत्र घेतले ३,००,००० रुपयांना. वर्षभरात हळद खरेदी ६,००,०००, सगळी रोखीने. मजुरी, भाडे व वीज मिळून २,२०,००० आणि व्याज ३०,०००. विक्री ९,००,००० झाली, पण त्यातले ५,५०,००० हातात आले आणि ३,५०,००० दुकानदारांकडे उधार राहिले. वर्षअखेर ६०,००० रुपयांचा माल शिल्लक होता. यंत्राचे आयुष्य कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे १५ वर्षे आणि अवशेष मूल्य ५ टक्के धरले, तर सरळ रेषा पद्धतीने दरवर्षी १९,००० रुपये घसारा येतो.

आता नफा काढू. विकलेल्या मालाची किंमत ५,४०,०००, म्हणून ढोबळ नफा ३,६०,०००. त्यातून मजुरी-भाडे-वीज, व्याज आणि घसारा मिळून २,६९,००० वजा केले की निव्वळ नफा ९१,००० रुपये. भागधारक खूश होतात. पण बँकेत काय उरले? यंत्र घेतल्यावर खात्यात ५,००,००० होते, वर्षअखेर २,००,००० आहेत. नफा ९१,००० झाला आणि तरी ३,००,००० रुपये गेले. हे पैसे कोणी खाल्ले नाहीत. ३,५०,००० दुकानदारांच्या उधारीत आहेत आणि ६०,००० गोदामातल्या मालात, म्हणजे ४,१०,००० अडकले. नफा ९१,००० आणि घसाऱ्याचे १९,०००, जे खर्चात धरले पण हातातून गेले नाहीत, मिळून १,१०,००० परत आले. फरक ३,००,०००. ताळेबंद मांडला की एका बाजूला भांडवल, नफा आणि कर्ज मिळून ८,९१,००० आणि दुसऱ्या बाजूला यंत्र २,८१,०००, माल ६०,०००, ऋणको ३,५०,००० आणि बँक २,००,०००, मिळून तेच ८,९१,०००.

वरच्या दोन परिच्छेदांतले गणित स्वतःच्या हाताने कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चांगला चालणारा धंदा पगाराच्या दिवशी का अडखळतो, बँक ताळेबंदाबरोबर उधारीची मुदतवार यादी का मागते, मार्चअखेर माल मोजायला का बसतात, या सगळ्यांची उत्तरे त्यात आहेत. मालाची मोजणी हे काम मुले दुय्यम समजतात. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी रीत होती. पेवातली हळद डोळ्यांना दिसत नसे, ती पावतीवर आणि वहीतच दिसायची. शिल्लक माल ६०,००० ऐवजी १,६०,००० लिहिला, तर आपल्या कंपनीचा नफा एका फटक्यात ९१,००० वरून १,९१,००० होतो आणि विक्रीत एका पाकिटाचीही वाढ झालेली नसते. म्हणून शिल्लक मालाच्या यादीवर मोजणाऱ्याची सही हवी, तारीख हवी, आणि मोजणारा व विकणारा शक्यतो वेगळा हवा.

तिसऱ्या भागात बाजूला ठेवलेले कर परत येतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. १८ टक्के दराची सेवा महाराष्ट्रातच १,००० रुपयांना विकली, तर बिल १,१८० रुपयांचे होते, त्यात ९० केंद्राचे आणि ९० राज्याचे. हे १८० रुपये आपल्या खात्यात आले तरी आपले उत्पन्न नाहीत, ते सरकारचे देणे आहे. त्याच कामासाठी केलेल्या खरेदीवर आपण १२० रुपये कर भरला असेल, तर त्याची वजावट घेऊन ६० रुपये भरायचे. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेल्या रकमेचेही तसेच. महाराष्ट्रात व्यवसाय कर साधारणपणे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात. वर्षाचे होतात २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे, म्हणून फेब्रुवारीचा तो जास्तीचा शंभर. कापलेला कर, भविष्य निर्वाह निधीतला कर्मचाऱ्याचा हिस्सा आणि ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी हे तिन्ही पैसे कंपनीच्या खात्यातून जाताना दिसतात, पण ते दुसऱ्याचे असतात. अडचणीच्या महिन्यात त्यांना हात लावण्याचा मोह होतो आणि छोट्या धंद्याचे पाय बहुधा तिथेच घसरतात. म्हणून या रकमांसाठी वहीत पहिल्या दिवसापासून वेगळी खाती उघडा.

चौथा भाग कारभाराचा. नोंदणी झाल्याबरोबर आपल्या हळदीच्या कंपनीसमोर तारखांची रांग उभी राहते. ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली सभा आणि त्याच मुदतीत पहिल्या लेखापरीक्षकाची नेमणूक. दोन महिन्यांत भागप्रमाणपत्रे. भांडवलाचे पैसे खरोखर जमा झाल्याचे निवेदन १८० दिवसांत. कंपनीची उलाढाल कितीही कमी असो, लेखापरीक्षण सक्तीचे आहे. साधारण नियम असा की वर्षातून संचालक मंडळाच्या किमान चार सभा व्हाव्यात आणि दोन सभांमध्ये १२० दिवसांहून जास्त अंतर नसावे. आपल्यासारख्या लहान कंपनीला प्रत्येक सहामाहीत एक सभा पुरते, पण त्या दोहोंत किमान ९० दिवसांचे अंतर हवे. पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा पहिले आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, पुढच्या सहा महिन्यांत, आणि तिची सूचना पूर्ण २१ दिवस आधी. सभेनंतर ३० दिवसांत वित्तीय विवरणे आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे दाखल करायचे. उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते. सलग तीन वर्षे ही कागदपत्रे दाखल झालीच नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपून ठेवावी लागतात.

या तारखा मी परीक्षेत विचारण्यासाठी दिलेल्या नाहीत. प्रत्येक तारखेमागे वाट पाहणारा कोणीतरी आहे. २१ दिवसांची सूचना परगावच्या भागधारकाला ताळेबंद वाचायला आणि प्रवासाची सोय करायला मिळते. निबंधकाकडची विवरणे उद्या आपल्याला उधार माल देऊ पाहणारा व्यापारी पाहू शकतो. हे ध्यानात ठेवले की मुदती जाच वाटत नाहीत आणि चुकतही नाहीत.

इतिवृत्त कसे लिहावे याचे स्वतंत्र प्रकरण आहे, कारण त्यात सर्वांत जास्त आळस होतो. सभा झाल्यापासून ३० दिवसांत ते नोंदले गेले पाहिजे. ‘यंत्र खरेदीस मंजुरी देण्यात आली’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे आणि कारभाराच्या दृष्टीने निरुपयोगी. कोणते यंत्र, कोणाकडून, जास्तीत जास्त किती रुपयांना, पैसा कर्जातून की भांडवलातून, करारावर सही कोण करणार, बँकेच्या कागदांवर कोण, एखाद्या संचालकाचा त्या विक्रेत्याशी संबंध असल्यास त्याने तो सभेत सांगितला का, हे सगळे ठरावात यायला हवे. असा ठराव हाती असला की हिशेबनिसाला नोंद टाकताना कोणाला विचारावे लागत नाही आणि लेखापरीक्षकाला शंका घ्यावी लागत नाही. चिटणीस आणि हिशेबनीस यांचे काम इथे एकमेकांत मिसळते. हे पुस्तक लिहिण्याचे मूळ कारण तेच आहे.

ही शिस्त सुटली तर काय होते, हे भारताने ७ जानेवारी २००९ रोजी पाहिले. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात हिशेब फुगवल्याची कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेतली शिल्लक ही ताळेबंदातली सर्वांत सहज तपासता येणारी रक्कम. बँकेने स्वतः थेट लेखापरीक्षकाला पाठवलेले उत्तर वहीशेजारी ठेवले की झाले. पहिल्या भागात शिकलेले बँक जुळवणी पत्रक क्षुल्लक वाटत असेल, तर हा आकडा आठवावा. कंपनीत नामवंत संचालक होते, नामवंत लेखापरीक्षक संस्था होती. कागद मात्र कंपनीच्याच हातून आलेले होते आणि ते खरे मानले गेले. २०१३ च्या कायद्यात ठरावीक वर्गातल्या कंपन्यांना लेखापरीक्षक बदलण्याची सक्ती आली, स्वतंत्र संचालकांच्या जबाबदाऱ्या स्पष्ट झाल्या आणि लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाची तरतूद झाली, त्यामागे या धक्क्याचा मोठा वाटा आहे.

आज विद्यार्थी विचारतात, टॅली येत असेल तर नावे-जमा हाताने कशाला शिकायचे? संगणक खतावणी करतो, बेरजा करतो, क्षणात ताळेबंद काढून देतो. यंत्राची खरेदी दुरुस्तीत टाकायची की मालमत्तेत, हे मात्र तो ठरवत नाही. ते ठरवणाऱ्याला तत्त्व यावे लागते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. कोणी, केव्हा, काय बदलले हे त्यातून कळते. जुन्या वहीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसे. त्यावर एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. नियम तोच आहे, आता तो संगणकाला लागू झाला आहे.

हे पुस्तक अकरावी-बारावी आणि बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसेच सहकारातल्या जी.डी.सी. अँड ए. परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही त्याचा पाया म्हणून उपयोग होईल. चार्टर्ड अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरी होऊ इच्छिणाऱ्यांना पुढे याहून फार खोल जावे लागेल. पण त्यांच्याइतकाच माझ्या डोळ्यांसमोर आणखी एक वाचकवर्ग आहे. घरच्या दुकानाची वही सांभाळणारी मुलगी, शेतकरी उत्पादक कंपनीत संचालक झालेला तरुण, बचत गटाचा हिशेब ठेवणारी ताई, हे सगळे या पुस्तकाचे हक्काचे वाचक आहेत. त्यांना अवघड जाऊ नये म्हणून नावे-जमा आणि डेबिट-क्रेडिट असे दोन्ही शब्द जागोजागी दिले आहेत, कारण परीक्षेत एक लागतो आणि कार्यालयात दुसरा. कराचे दर आणि अर्जांचे नमुने बदलत राहतात. प्रत्यक्ष काम करताना चालू वर्षाचा नियम पाहूनच पुढे जावे. तत्त्वे मात्र इतक्या लवकर बदलत नाहीत, म्हणून पुस्तकाचा भर तत्त्वांवर आहे.

वाचताना दोन गोष्टी जवळ ठेवा. एक साधी वही आणि एक खरा वार्षिक अहवाल. अहवाल मिळवणे अवघड नाही. तुमच्या गृहनिर्माण संस्थेचा असेल, गावच्या पतसंस्थेचा असेल, वडिलांच्या नावावर भाग असलेल्या साखर कारखान्याचा असेल. प्रत्येक प्रकरण संपले की त्या अहवालातली तीच बाब शोधा. घसारा शिकलात तर कोणत्या दराने काढला आहे ते पाहा. ऋणको शिकलात तर उधारी गेल्या वर्षीपेक्षा वाढली का ते पाहा. लेखापरीक्षकाचा अहवाल आधी वाचा. आणि सर्वसाधारण सभेला जाऊन एक नेमका प्रश्न विचारा. आपल्याकडे वार्षिक सभा चहा-फराळात आणि टाळ्यांत उरकल्या जातात, कारण ताळेबंद वाचून येणारे सभासद कमी असतात. तुमच्या पिढीने ही स्थिती बदलावी असे मला मनापासून वाटते.

पुस्तक संपल्यावर स्वतःची एक परीक्षा घ्या. एका महिन्याचा कोणताही खरा जमाखर्च, घरचा, दुकानाचा किंवा मंडळाचा, या पद्धतीने लिहा. पावत्या क्रमाने लावा आणि ज्या निर्णयांवर खर्च झाला ते चार ओळींत नोंदवा. मग ती वही अशा माणसाच्या हाती द्या, ज्याला त्या व्यवहारातले काहीच ठाऊक नाही, आणि तुम्ही तिथे थांबू नका. दुसऱ्या दिवशी त्याला विचारा, पैसे कुठून आले, कुठे गेले, कोणी ठरवले आणि आता किती उरले. तुम्हाला एकही प्रश्न न विचारता त्याने ही चारही उत्तरे बरोबर दिली, तर तुम्ही हा विषय शिकलात.